युद्ध बारा दिवसांत संपलं, आमच्या दुकानात अजून चालूच आहे

दुधनाकाठ (१ जुलै २०२५, सकाळी ७.१०)

राम राम मंडळी. सेलूकडचा आहे. सात एकर कोरडवाहू, चार एकरात सोयाबीन, बाकी तूर अन् कपाशी. राजकारणाचा धागा नाही, हिशेबाचा आहे, म्हणून इथं टाकायलोय.

काल डीएपी खतासाठी तिसऱ्यांदा दुकानाच्या पायऱ्या चढलो. दुकानदार म्हणाला, "माल नाही दादा, युद्ध चालू आहे ना." म्हणलं, कोणतं? तर म्हणे, "ते इराणचं." आता ते १३ जूनला सुरू झालं अन् २४ ला थांबलं. पोरानं मोबाइलवर दाखवलं, कच्चं तेल ७० डॉलरच्या खाली होतं, ८० ला टेकलं अन् आठवड्यात परत ७० च्या खाली आलं. तेवढ्या दिवसांत आमच्याकडं धड एक पाऊस पडला नाही.

शेवटी आतून एक बॅग निघाली. पण सोबत एक बाटली अन् झिंकची पिशवी घ्यावीच लागंल म्हणाला. लिंकिंग. १३५० ची बॅग साडेअठराशेला पडली.

माझा प्रश्न साधा आहे. युद्ध संपलं, तेल उतरलं, मग डिझेल का उतरत नाही अन् खत का येत नाही? युद्धाचं बिल नेमकं कोण भरतं, अन् किती दिवसांनी?

निवांत (७.२२)

पहिला! वाचून मग लिहितो.

निवांत (७.३५)

वाचलं. उत्तर सोपं आहे. जगात जर्मनी, भारतात परभणी. युद्ध कुठंही होऊ द्या, पेट्रोलच्या भावात राज्यात पहिला नंबर आपलाच. मनमाडहून टँकर निघतो, आपल्यापर्यंत येता येता त्याचंच अर्धं तेल जळत असंल.

गुळवेल (८.०५)

डिझेल उतरलं नाही हे खरं, पण जूनमध्ये चढलं तरी होतं का? आमच्या अंबाजोगाईत तर पाच पैसेही हललं नाही. मला पेट्रोलपंपापेक्षा किराणा दुकानात युद्ध जास्त दिसतं. २०२२ आठवतंय? युक्रेनमध्ये रणगाडे शिरले आणि महिन्याभरात सूर्यफूल तेलाचा डबा हाताला लागेना. आपण सूर्यफुलाचं तेल आणत होतो तेच मुळी बहुतेक युक्रेन आणि रशियातून. एकमेकांशी लढणारे दोघंही आपलेच दुकानदार! त्यात एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, साधारण तीन आठवडे.

माझी सासू म्हणायची, आमच्या घरी करडईचं तेल घाण्यावरून यायचं, त्याला कुठल्या देशाची परवानगी लागत नव्हती. परभणीच्या विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचं करडईचं वाण काढलंय. पण करडई लावतं कोण? काटे टोचतात म्हणून मजूर मिळत नाही.

जमाखर्च (९.४०)

दुधनाकाठ, तुमचे दोन प्रश्न दोन वेगळ्या पोत्यांतले आहेत, एकत्र बांधू नका. आधी डिझेल घेतो.

गुळवेलताईंनी बरोबर पकडलं. आपल्याकडं भाव बाजारानं ठरतो असं कागदावर आहे, प्रत्यक्षात तो थोपवून धरला जातो. मार्च २०२२ मध्ये ब्रेंट जातीचं कच्चं तेल १३९ डॉलरपर्यंत जाऊन आलं, तेव्हा पंपावरचा भाव ४ नोव्हेंबर २०२१ पासून गोठलेला होता. पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि २२ मार्चपासून रोज ऐंशी-ऐंशी पैसे करत साधारण दोन आठवड्यांत दहा रुपये वाढले. मग २१ मे रोजी केंद्रानं उत्पादन शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी कमी केलं. पुढं तेल महाग असतानाही कंपन्यांनी आपला भाव हलवला नाही. तोटा कुणी सोसला? तेल कंपन्यांनी. स्वयंपाकाच्या गॅसच्या तोट्यापोटी सरकारनं त्यांना २२ हजार कोटी रुपये दिले.

मग तेल उतरलं. तेव्हाही भाव जागचा हलला नाही. २०२३-२४ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांचा नफा मिळून ८० हजार कोटींच्या वर गेला. निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, दोन रुपये कमी झाले. आणि यंदा एप्रिलमध्ये तेल आणखी उतरलं तेव्हा सरकारनं उत्पादन शुल्क दोन रुपये वाढवलं. पंपावर तुम्हाला काहीच दिसलं नाही, कारण उतरलेला भाव वाटेतच खिशात गेला.

म्हणजे २०२२ च्या युद्धाचं बिल तुम्ही २०२३, २४ आणि २५ मध्ये भरलंत. हप्त्यानं. पावती कुणी दिली नाही एवढंच.

खताचं संध्याकाळी लिहितो, आत्ता नातवाला शाळेत सोडायचंय.

निवांत (९.४८)

हप्त्यानं भरलं तर व्याज माफ आहे का काका?

निवृत्त_सुभेदार (१०.१५)

जमाखर्च साहेब, लिहिलंत चांगलं, पण सरकारनं भाव थोपवला हा गुन्हा केल्यासारखं लिहिलंत. १३९ डॉलरचा भाव थेट पंपावर आला असता तर ट्रॅक्टरवाल्यानं नांगरटीचे किती मागितले असते? लहर आली की मध्ये बंधारा लागतोच.

जमाखर्च (१०.५२)

सुभेदार साहेब, बंधाऱ्याला ना नाही. बंधाऱ्यात साठलेलं पाणी कुणाच्या शेतात सोडलं एवढंच विचारतोय.

सळईवाला (११.३०)

जालन्याहून. 'जालना सोन्याचा पालना' म्हणतात, पण आमचा पालना लोखंडाचा आहे. बाहेरच्या देशांतलं भंगार बंदरावर उतरतं, इथं भट्टीत वितळतं आणि सळई होऊन निघतं. भंगार डॉलरमध्ये, वीज महावितरणच्या दरात आणि उधारी आपल्या लोकांच्या सवडीनं.

मार्च-एप्रिल २०२२ ला सळई कुठल्या कुठं गेली. घरं अर्धवट सोडून लोक बसले होते, कॉलमच्या सळया आभाळाकडं बघत उभ्या. २२ मे रोजी सरकारनं पोलाद निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं आणि भाव धाडकन आपटला. ज्यानं एप्रिलमध्ये महाग भंगार भरून ठेवलं होतं तो बुडाला. मीही त्यात होतो. नोव्हेंबरमध्ये ते शुल्क उठलं, तोवर माझ्या भागीदारानं गाडी विकली होती. युद्धात भाव वाढला की व्यापारी कमावतो, असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे वाढताना नाही, वेळेवर विकताना कमावतो. ती वेळ कधी, हे युद्ध करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

सराफगल्ली (दुपारी १२.२०)

सळईवाले, तुमचं लोखंड, आमचं सोनं, रड एकच.

यंदा २२ एप्रिलला तोळा लाखावर गेला. लातूरच्या आमच्या दुकानात लोक येतात ते जुनं मोडून नवं करायला. नवीन घेणारा शंभरात दहा. कुणी म्हणतं लग्नसराई, कुणी म्हणतं इराण. माझ्या मते मूळ फेब्रुवारी २०२२ मध्ये आहे. पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची ३०० अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी गोठवली. तेव्हा जगातल्या बाकीच्या बँकांना कळलं की दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेला पैसा आपला नसतो. तेव्हापासून मध्यवर्ती बँका सोनं उचलत सुटल्यात. आपल्या रिझर्व्ह बँकेनंही २०२३-२४ मध्ये १०० टन सोनं लंडनहून मायदेशी आणलं. आमची आजी दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला तयार नव्हती, ज्वारीच्या कणगीत ठेवायची. तिला अर्थशास्त्र कळत होतं म्हणायचं.

युद्ध आणि सोन्याचा आमच्या घरातला किस्सा मात्र वेगळा. १९६२ ला चीनचं युद्ध झालं, परकीय चलनाची चणचण, सोन्याची चोरटी आयात. जानेवारी १९६३ ला सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही! आजोबा घडणावळीचे कारागीर. त्यांच्या हाताला १४ कॅरेट वळेना आणि गिऱ्हाइकाला ते पटेना. दोन वर्षं ते किराणा दुकानात पुड्या बांधत होते. सीमेवर गोळी लागली ती सैनिकाला, पण हत्यार आमच्या आजोबांनीही खाली ठेवलं. तो कायदा पूर्ण जायला १९९० उजाडलं.

मोकळं_रान (१२.४५)

सोन्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आपल्या निजामानं १९६५ च्या युद्धात देशाला ५००० किलो सोनं दान दिलं होतं. आज कुणी देईल का?

कलदार (दुपारी १.३०)

मोकळं_रान, हा निरोप दर १७ सप्टेंबरला माझ्या मोबाइलवर येतो, आणि दरवर्षी मी हेच उत्तर देतो. दान नव्हतं. १९६५ मध्ये निजामानं राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत ४२५ किलो सोनं गुंतवलं, साडेसहा टक्के व्याजानं. गुंतवणूक वाईट नाही, पण दान वेगळं आणि मुदत ठेव वेगळी.

निजामाचा विषय आलाय तर धाग्याला धरून एक सांगतो. चलन आणि युद्ध यांची सोयरीक मराठवाड्याएवढी जवळून थोड्याच लोकांनी पाहिली असेल. आपल्याकडं १९५० पर्यंत व्यवहार निजामाच्या हाली शिक्क्यात चालायचा आणि शेजारच्या इंग्रजी मुलखात कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. (माझ्या सदस्यनामाचा उगम हाच. 'खणखणीत कलदार' हा शब्द आमच्याकडं अजून जिवंत आहे.) पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला. इंग्रज सरकारनं १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढली आणि १९१८ ला निजाम सरकारनंही स्वतःच्या कागदी नोटा छापायला घेतल्या. फ्रान्समधल्या खंदकांत युद्ध, आणि जालन्याच्या आडतीवर शेतकरी हातातला कागद उलटासुलटा करून बघतोय, हा रुपया म्हणे!

पुढं १९४८ मध्ये भारतानं हैदराबाद संस्थानाची आर्थिक कोंडी केली, आणि त्याच सुमाराला निजाम सरकारनं आपल्याकडचे भारत सरकारचे २० कोटींचे रोखे पाकिस्तानला कर्ज म्हणून देऊ केले. लढाई आधी तिजोरीत होते, मग मैदानात. सैन्य आत आलं १३ सप्टेंबरला, १७ ला सगळं संपलं. हाली शिक्का मात्र पूर्ण चलनातून जायला १९५९ उजाडलं. दुधनाकाठ, युद्ध संपणं आणि त्याचे पैसे मिटणं यांत अकरा वर्षांचं अंतर आपल्या आजोबांनी बघितलंय. तुमचे तर अजून आठच दिवस झालेत.

निवांत (१.३६)

म्हणजे डीएपी २०३६ ला येणार. नोंद घेतली.

वाळवंटातला_किनवटकर (दुपारी ३.१०)

दोहाहून लिहितोय. २३ जूनच्या संध्याकाळी मी ड्युटीवरून खोलीवर आलो होतो. आधी बातमी आली की विमानवाहतूक बंद केली. मग आभाळात उजेड आणि धडाम धडाम. इराणनं इथल्या अमेरिकेच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं टाकली होती. खोलीत आम्ही सहा जण, दोन परभणीचे, एक नांदेडचा. घरी फोन लागेपर्यंत आईनं टीव्हीवर पाहिलं होतं. सकाळी मात्र बस वेळेवर आली आणि सगळे कामावर.

चलनाचं म्हणाल तर आमचा हिशेब उलटा आहे. इथला रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६४ रियाल, वर्षानुवर्षं तोच. डॉलर चढला की आम्ही आपोआप चढतो. युक्रेनच्या युद्धाआधी हजार रियालचे घरी साडेवीस हजार पोहोचायचे, आता साडेतेवीस. रुपया पडला की खोलीत कुणीतरी चहा पाजतं, लाज वाटते पण खरं आहे. पण भाऊ गावाकडं शेती करतो, त्याचं खत-डिझेल सगळं त्याच डॉलरवर. मी वरचे तीन हजार पाठवतो ते तो खतवाल्याला देतो. गोल फिरून पैसा परत आखातातच येतो, कारण फॉस्फेट इकडून, गॅस इकडून. आम्ही मधले पोस्टमन.

गुळवेल (३.२५)

किनवटकर भाऊ, काळजी घ्या. आईला रोज एक फोन करत जा.

जमाखर्च (सायंकाळी ६.०५)

किनवटकरांचं वाचून १९९० आठवलं. २ ऑगस्टला इराकनं कुवेत घेतलं तेव्हा मी नांदेडला बँकेत कॅशियर होतो. कुवेतला गेलेल्यांची कुटुंबं रोज काउंटरवर यायची, "ड्राफ्ट आला का?" तिकडचे दिनार रात्रीत कागद झाले होते. पुढं एअर इंडियानं अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं परत आणली. ती आली, पण त्यांच्यासोबत येणारा पैसा थांबला. तेल दुपटीनं महाग, निर्यात आटलेली, आणि जानेवारी १९९१ ला देशाकडं परकीय चलन उरलं जेमतेम सव्वा अब्ज डॉलर. ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. आणि योगायोग बघा, आज १ जुलै. १९९१ ला आजच्याच तारखेला रुपयाचं पहिलं अवमूल्यन झालं, दुसरं ३ जुलैला. डॉलर २१ वरून २६ च्या घरात. ती लढाई आपली नव्हती. आपला एकही सैनिक तिथं नव्हता. तरी १९६६ नंतरचा सगळ्यात मोठा दणका आपल्या रुपयाला तिनं दिला. (देशाचं आधीचं कर्ज आणि तूट होतीच, युद्धानं फक्त शेवटची काडी टाकली, हेही मान्य.)

आता खत. इथं युद्ध दोन दारांनी येतं. एक गॅसचं दार. युरिया म्हणजे अमोनिया, आणि अमोनिया म्हणजे नैसर्गिक वायू. १३ जूनला इस्रायलनं सुरक्षेसाठी आपलं लेविअथान वायूक्षेत्र बंद केलं. त्या वायूवर इजिप्तचे युरिया कारखाने चालतात, ते थांबले. इराणचं स्वतःचं उत्पादनही थांबलं. दोघंही जगाला युरिया विकणारे. भाव उडाला. आपल्या ४५ किलोच्या बॅगेवर २६६ रुपये ५० पैसेच छापलेत, म्हणून तुम्हाला तो दिसला नाही.

दुसरं दार डीएपीचं. इथं दोष एकट्या इराणचा नाही, दुकानदारानं सोपं उत्तर दिलं. चीन पूर्वी आपल्याला भरपूर डीएपी द्यायचा, त्यानं निर्यात आवळली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात येमेनचे हूथी बंडखोर जहाजांवर हल्ले करायलेत, त्यामुळं मोरोक्को, रशियाकडच्या कित्येक बोटी आफ्रिकेला वळसा घालून येतात. टनाचा भाव ७०० डॉलरच्या वर. इकडं विक्री १३५० लाच करायची, वरचा फरक सरकार देणार. तो फरक वेळेवर आणि पुरेसा मिळेल याची खात्री नसली की आयातदार मागवायलाच मागंपुढं बघतो. माल कमी आला की जो येतो त्यावर लिंकिंग. छापील भाव स्थिर राहिला, महागाई बाटलीत भरून आली.

२०२२-२३ ला खत अनुदानाची तरतूद होती १.०५ लाख कोटी, खर्च झाला अडीच लाख कोटी. डीएपीच्या एका बॅगेवर तेव्हा अनुदान २५०१ रुपये, म्हणजे तुम्ही देत होतात त्याच्या जवळपास दुप्पट. हे दीड लाख कोटी जास्तीचे आकाशातून पडले नाहीत. कर्ज काढलं, नाहीतर दुसरीकडचं काही राहिलं.

मोकळं_रान (६.३०)

दुसरीकडचं म्हणजे आपले सिंचनाचे प्रकल्प! आणि संरक्षणाला मात्र यंदा ६.८१ लाख कोटी. एवढ्यात मराठवाड्यात किती धरणं झाली असती?

निवृत्त_सुभेदार (७.१५)

मोकळं_रान भाऊ, त्या ६.८१ लाख कोटींतले १.६० लाख कोटी पेन्शनचे आहेत. त्यातलेच काही दर महिन्याला आमच्या गेवराई तालुक्यात येतात. माझ्या विहिरीचं बांधकाम त्याच पैशातनं झालंय, तिला तुम्ही सिंचन म्हणणार की संरक्षण?

युद्धाचा खर्च म्हणजे फक्त तोफा, असं डोक्यातनं काढा. ७१ ला मी शाळेत होतो. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं वेगळं तिकीट लावायला लागायचं. वडील म्हणायचे, मामाला पत्र कमी लिहा. युद्ध डिसेंबरात संपलं, ते तिकीट ७३ च्या मार्चपर्यंत चाललं. आणि त्याच काळात आपल्याकडं ७२ चा दुष्काळ. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. जरा सावरलो तर ऑक्टोबर ७३ ला अरब-इस्रायल युद्ध, तेल तीन डॉलरवरून जवळपास बारावर. आमच्या गावात तेव्हा मोटार एकच होती. पण रॉकेलच्या रांगेत सगळं गाव.

मोकळं_रान (७.२८)

विहिरीवर निरुत्तर झालो, सुभेदार काका. तरी धरणांचा मुद्दा सोडत नाही.

धागापाल (७.५०)

करडई, निजाम आणि विहीर, तिन्ही विषय गोड आहेत, पण कृपया वेगळा धागा काढावा.

बोरीकर (रात्री १०.४०)

धागापाल, माझं अवांतर वाटेल, पण नाही. मी जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा, तेरा वर्षं श्टुटगार्टमध्ये. निवांतनं 'जगात जर्मनी' म्हणलं म्हणून आत आलो, कारण त्या म्हणीची दोन्ही टोकं माझ्याकडं आहेत.

२०२२ पूर्वी जर्मनीचा निम्म्याहून जास्त वायू रशियाचा होता. स्वस्त, नळानं येणारा. तो बंद झाला, सप्टेंबर २०२२ ला समुद्राखालचे नॉर्ड स्ट्रीम नळ स्फोटात फुटले. त्याआधीच ऑगस्टमध्ये वायूचा भाव एका मेगावॅट-तासाला ३०० युरोच्या वर गेला होता, युद्धाआधीच्या काही वर्षांत तो वीसच्या आसपास असायचा. माझा घर तापवायचा हप्ता ९० युरोवरून २१० वर. हिवाळ्यात आम्ही दोघं स्वेटर घालून घरात बसायचो, आईला व्हिडिओ कॉलवर वाटायचं बाहेर निघालोय. युरो घसरून डॉलरच्या बरोबरीला, मग खालीही गेला.

पण इथं सरकारनं काय केलं ते ऐका. २०० अब्ज युरोची ढाल उभी केली. डिसेंबर २०२२ चा वायूचा हप्ता सरकारनं भरला. २०२३ मध्ये आधीच्या वापराच्या ८० टक्क्यांपर्यंत युनिटला १२ सेंट असा भाव बांधून दिला. सैन्यासाठी वेगळा १०० अब्जांचा निधी. जो देश कर्जाला शिवत नव्हता त्यानं यंदा मार्चमध्ये संरक्षणखर्चासाठी घटनेतली कर्जमर्यादाच सैल केली. १९२३ ला इथं एका डॉलरला काही लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, त्यामुळं या लोकांना कर्ज आणि नोटा छापणं म्हटलं की अंगावर काटा येतो. तरी केलं. आणि परवा हेगच्या बैठकीत नाटो देशांनी २०३५ पर्यंत उत्पन्नाच्या ५ टक्के संरक्षणावर घालायचं मान्य केलं.

आता परभणीशी संबंध. श्रीमंत माणूस भर बाजारात थैली घेऊन उतरला की गरिबाला भाजी मिळत नाही. युरोपनं द्रवरूप वायूची जहाजं वाट्टेल त्या भावानं उचलली, पाकिस्तान-बांगलादेशात त्या उन्हाळ्यात दिवे गेले. आणि आपली सरकारी वायू कंपनी 'गेल'. तिचा रशियाच्या गाझप्रोमच्या सिंगापूर शाखेशी वीस वर्षांचा करार होता. त्या शाखेची जर्मनीतली पालक कंपनी जर्मन सरकारनं ताब्यात घेतली. २०२२ च्या उन्हाळ्यापासून भारताकडं येणारी जहाजं येईनाशी झाली. गेलला आपल्या काही खत कारखान्यांचा वायू कापावा लागला. पुढं गेलनं दावा लावला, यंदा जानेवारीत तडजोड होऊन २८.५ कोटी डॉलर भरपाई मिळाली.

हे वाचलं तेव्हा मी हीटरजवळ बसलो होतो. बोरीच्या शेतात बाबा युरियासाठी रांगेत, आणि त्या युरियाचा वायू कदाचित माझ्या हीटरमध्ये. हिशेब इतका सरळ नसतो, माहीत आहे. पण त्या रात्री मी हीटर एक आकडा कमी केला.

निवांत (१०.५५)

बोरीकर, मी गेली दहा वर्षं ही म्हण मारायलोय, तिचा अर्थ आज कळाला.

सराफगल्ली (११.१०)

बोरीकर, दंडवत. एक शंका. आपण रशियाचं स्वस्त तेल घेतलं त्याचा फायदा झालाच की. २०२२ आधी आपल्या आयातीत रशियाचं तेल दोन टक्केही नव्हतं, २०२३ ला तिसऱ्या हिश्श्याच्या वर.

जमाखर्च (२ जुलै, सकाळी ६.२०)

झाला, पण कुणाला? देशाचं आयात बिल हलकं झालं, रुपया १९९१ सारखा कोलमडला नाही. ७५ वरून वर्षभरात ८३ झाला, वाईट पण सोसण्याजोगं. रिझर्व्ह बँकेनं त्यासाठी गंगाजळीतले डॉलर विकले. ती ६४२ अब्जांवरून ५२५ च्या आसपास आली होती (काही घट डॉलर महागल्यामुळं कागदावरचीही होती). हा फायदा खरा आहे, फक्त तो न झालेल्या नुकसानीसारखा आहे. न चावलेला विंचू कुणाला दाखवणार? बाकी सवलतीचा पैसा तेलशुद्धीकरण करणाऱ्यांकडं आणि करात राहिला. पंपावर उतरला नाही.

सळईवाला (९.१५)

'न चावलेला विंचू' चोरतोय काका.

दुधनाकाठ (४ जुलै, रात्री ८.३०)

सगळ्यांना नमस्कार. दोन दिवस आलो नाही, पाऊस झाला. बत्तीस मिलिमीटर. पेरणी उरकली.

तुमचं सगळं वाचून घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आईला सराफगल्लीच्या आजीची कणगी आवडली. जमाखर्च काकांचं डोक्यात बसलं, की महागाई बाटलीत भरून आली. ती बाटली अजून तशीच कोनाड्यात आहे, तिचं काय करू कुणी सांगा.

एकच बॅग डीएपी होती, ती कपाशीला ठेवली. सोयाबीनला कृषी सहायकानं सांगितलं तसं केलं: डीएपीच्या एका बॅगेऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन अन् युरियाची अर्धी. स्फुरद (फॉस्फरस) जवळपास तेवढंच बसतं, वर गंधक फुकट, सोयाबीनला ते लागतंच. पण एका बॅगेच्या जागी साडेतीन उचलायच्या, पाठ गेली. पैसेही डीएपीपेक्षा जास्तच गेले. आता सोयाबीन हमीभाव ५३२८ नं जाईल तेव्हा बघू. गेल्या साली तर बाजारात हमीभावाच्या खालीच विकली.

काल त्याच दुकानदाराकडं गेलो होतो. म्हणलं, "युद्ध संपलं म्हणतेत." तर म्हणाला, "संपलं असंल, पण खताचा रेल्वे रॅक लागला नाही." पुढच्या हप्त्यात लागंल म्हणे.

गुळवेल (८.४१)

पाऊस झाला हे बरं झालं. आमच्याकडं अजून नाही. परवा आषाढी, बघू.

मोकळं_रान (८.५५)

दुधनाकाठ दादा, ते सुपर फॉस्फेट लिंकिंगशिवाय कुठं भेटलं? गाव-दुकान व्यनित (खासगी निरोपात) कळवा, इथं उघड टाकू नका, सकाळपर्यंत संपंल.